आईबरोबर काय बघू? आणि दिग्दर्शक बाई असली म्हणून फरक पडतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी दादरला राहते, मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी आई आणि मी मिळून काहीतरी बघतो. बायकांनी केलेले, बायकांबद्दलचे नवे सिनेमे आणि सिरीज सुचवाल का? आणि ताई, खरं सांगा, दिग्दर्शक बाई असली म्हणून काही फरक पडतो, की ते नुसतं पोस्टरवर छापायला असतं? मला एडिटिंगमध्ये यायचंय."

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. यादी काय, कुणीही देईल.

मी २३ वर्षं एडिट करतेय. पहिली सहा-सात गोरेगावात डेली सोपवर गेली, मग सिनेमे, हल्ली बहुतेक सिरीज. काही वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमात एक सीन होता. फोर्टातल्या ऑफिसातून डोंबिवलीला घरी आलेली बाई. चपला काढते, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवते, आत जाऊन डाळ-तांदूळ धुते, कुकर लावते, ओटा पुसते. मध्ये एकदा फोन वाजतो, एकदा दाराची बेल. संवाद नाही. एकच टेक, ५४ सेकंद. निर्माते म्हणाले, "इथं काही घडत नाहीये, वीसवर आण." दिग्दर्शक पुरुष होता, चांगला माणूस, तोही म्हणाला, "बघ, होतंय का." मी माउस हातात घेतलाच होता. मागे चहाचा कप धरून उभी असलेली असिस्टंट, कल्याणची पोरगी, हळूच म्हणाली, "सर, पण ती अजून बाथरूमला गेलेली नाहीये."

मागे जाऊन बघितलं. बाई दोनदा बाथरूमच्या दाराकडे वळते. पहिल्यांदा फोन वाजतो, दुसऱ्यांदा बेल. फोन आणि बेल स्क्रिप्टमध्ये होती. ते वळणं नटीनं स्वतःहून घातलं होतं, कुणालाही न सांगता. सव्वा तास लोकलमध्ये उभी राहून आलेली बाई आधी कुकर लावते. हे मी स्वतः रोज करते, आणि तरी दहा वेळा फुटेज बघून मला ते दिसलं नव्हतं. सीन ५४ सेकंदांचाच राहिला. सिनेमा लागल्यावर पहिल्या रविवारी प्लाझात मागच्या रांगेत बसून बघितला. ती दुसऱ्यांदा वळते तिथं थिएटरातल्या बायका हसल्या. माझ्या शेजारच्या काकांनी बायकोला विचारलं, "काय झालं?"

आता बघ, या सिनेमाचा दिग्दर्शक पुरुष, निर्माता पुरुष. जे घडलं ते एका नटीमुळे आणि एका असिस्टंटमुळे. त्यामुळे पोस्टरवर नाव कुणाचं, यापेक्षा त्या खोलीत किती बायका होत्या आणि त्यातल्या कितींना तोंड उघडायची सोय होती, हे मी आधी बघते. दिग्दर्शक बाई असली की ही सोय होण्याची शक्यता वाढते, एवढं मात्र नक्की. कल्याणची ती पोरगी दुसऱ्या एखाद्या सेटवर बोललीच नसती.

याची उलट बाजूही सांगते, नाहीतर तुला वाटेल की सोपं गणित आहे. 'द ग्रेट इंडियन किचन' हा २०२१ चा मल्याळम सिनेमा जिओ बेबी या पुरुष दिग्दर्शकाचा. त्याचाच हिंदी अवतार 'मिसेस' आरती कदव या बाईंनी केला, २०२५ च्या फेब्रुवारीत झी फाइव्हवर आला. दोन्ही लागोपाठ बघ, यापेक्षा चांगला एडिटिंगचा वर्ग नाही. मूळ सिनेमात पात्रांना नावंसुद्धा नाहीत. चिरणं, परतणं, खरकटं काढणं, सिंक, पुन्हा चिरणं. चौथ्या वेळेपर्यंत आपलीच कंबर दुखायला लागते, आणि तो दुखायला लागण्यापर्यंत थांबतो, हेच त्याचं कसब. 'मिसेस'मध्ये नायिकेला नाव आहे, नाचाची आवड आहे, सान्या मल्होत्रा फार छान आहे. पण सिनेमा लवकर धीर देतो. मला मूळच जास्त आवडतो. आईबरोबर मात्र 'मिसेस' लाव. सासऱ्याला चटणी मिक्सरची चालत नाही, पाट्यावरचीच लागते, हे आलं की आई रिमोट मागून थांबवेल आणि तुला स्वतःचं काहीतरी सांगायला लागेल. माझ्याकडे हे तीन घरांत झालंय.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचंय तो सिनेमा. पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. मे २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस, मिळालं. भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत ३० वर्षांनी गेला होता. आपल्याकडे २२ नोव्हेंबर २०२४ ला लागला, थोड्याच ठिकाणी, आणि जानेवारीत हॉटस्टारवर आला. मुंबईच्या हॉस्पिटलातल्या दोन मल्याळी नर्स, प्रभा आणि अनु, एका खोलीत राहतात, आणि तिथल्याच स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती. पार्वती म्हणजे छाया कदम. लोअर परळला राहते, मूळची रत्नागिरीकडची. बिल्डर तिचं घर पाडणार आहे, आणि ती तिथं राहत होती हे दाखवणारा एक कागद तिच्याकडे नाही.

सुरुवातीलाच रात्रीचा बाजार, माल उतरवणारी माणसं, आणि वरून वेगवेगळ्या भाषांतले आवाज: मी अमुक साली आले, इथं कायम राहीन असं वाटत नाही, वगैरे. चेहरे आणि आवाज जोडलेले नाहीत. मुंबईवरच्या सिनेमात आपल्याला वरळी सी लिंक आणि मरीन ड्राइव्हचे ड्रोन शॉट बघायची इतकी सवय झाली आहे की पहिली पाच मिनिटं आपण नायिकेची वाट बघत बसतो. मग कळतं की कॅमेरा तिला गर्दीतून शोधत आला आहे.

आणि तो राइस कुकर. प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेला आणि जवळजवळ गप्पच झाला. एक दिवस जर्मनीत बनलेला कुकर येतो, चिठ्ठी नाही, काही नाही. एका रात्री प्रभा जमिनीवर बसून तो कुकर मिठीत घेते. मी हा सीन असिस्टंट मुलांना दाखवते आणि विचारते, कुठं कापशील? ज्याला त्याला लवकर कापायचं असतं, कारण पोरांना लाज वाटते, मुलींनाही. तो लाज वाटण्याच्या पुढं दोन श्वास राहतो. तेवढ्यात ते हास्यास्पद राहत नाही.

गंमत अशी की याचा कॅमेरा रणबीर दास यांचा आणि संकलनही एका फ्रेंच पुरुषाचं. म्हणजे पुन्हा तेच: पुरुष चालतात, फक्त कुणाच्या वेळेला किंमत आहे हे वरून ठरलेलं असावं लागतं.

त्याच वर्षी किरण राव यांचा 'लापता लेडीज' १ मार्चला आला. छाया कदम त्यातही आहेत, स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजू माई. ऑस्करला भारताकडून कुठला पाठवायचा यावर दोन गट पडले, आणि फिल्म फेडरेशनच्या समितीनं 'लापता लेडीज' पाठवला. दोन बायकांचे दोन सिनेमे, आणि निवडणारे सगळे पुरुष. असो. सिनेमा म्हणून 'लापता लेडीज' फार नीट बांधलेला आहे, संकलन जबीन मर्चंट यांचं. त्यात जेवणावरचा एक छोटा सीन आहे: सासूच्या स्वतःच्या आवडीचं काय, असा विषय निघतो, आणि सासूला ते आठवतच नाही. तिथं ना सासू रडते, ना कॅमेरा जवळ जातो. डेली सोपवाल्यांनी त्या एका सीनचे दोन एपिसोड केले असते.

डेली सोपबद्दल लोक नाक मुरडतात, मी मुरडत नाही, त्यावर माझं घर चाललंय. पण काम कसं चालतं ते सांगते. रोज साधारण २२ मिनिटांचा एपिसोड. मढच्या बंगल्यात किंवा घोडबंदर रोडच्या सेटवर बारा-तेरा तासांची शिफ्ट, एपिसोडची बँक, म्हणजे आगाऊ तयार एपिसोडांचा साठा, कधीच पुरेशी नसते. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारी कथा वळते. माझ्या एका मालिकेत नायिका नोकरी धरणार होती. तिचा पहिला पगार, तिनं स्वतःसाठी घेतलेल्या चपला, असा छान आठवडा लिहिला होता, लिहिणारी बाईच. गुरुवारी आकडा पडला. शुक्रवारी दुपारी चॅनलमधून फोन, चपला काढा, सासूला हार्ट अटॅक द्या. मी चपलांचा इन्सर्ट, म्हणजे जवळून घेतलेला छोटा शॉट, काढला आणि सात जणांच्या तीन-तीन रिॲक्शन लावल्या. तरी हेही खरं की मध्यमवयीन बाईनं घराबाहेर पडणं हा विषय महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात मालिकेनंच नेला. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ चालली. मूळ बंगाली 'श्रीमोयी', लीना गंगोपाध्याय यांची. मराठीत संवाद मुग्धा गोडबोले यांचे. शेवटी शेवटी फार ताणली, पण घटस्फोटाच्या आठवड्यात माझ्या सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये त्यावर बोलत होत्या, आणि बोलता बोलता स्वतःवर येत होत्या.

मराठी सिनेमाचं चित्र जरा विचित्र आहे. बायकांचे सिनेमे चालतात, दणकून चालतात. 'झिम्मा' २०२१ चा, लेखन इरावती कर्णिक, दिग्दर्शन हेमंत ढोमे. 'बाईपण भारी देवा' २०२३ चा, लेखन वैशाली नाईक, दिग्दर्शन केदार शिंदे. सहा बहिणी आणि मंगळागौर, आणि दुपारच्या शोला नऊवारी नेसून आलेले बायकांचे घोळके थिएटरातच फुगड्या घालत होते. 'नाच गं घुमा' २०२४ चा, लेखन मधुगंधा कुलकर्णी आणि परेश मोकाशी, दिग्दर्शन मोकाशी. घरकाम करणारी बाई आणि तिची मालकीण. तिन्हींत लिहायला बाई आहे आणि मॉनिटरसमोरच्या खुर्चीत पुरुष. हे तिघे दिग्दर्शक वाईट आहेत असं मुळीच म्हणत नाही. पण सई परांजपे आणि सुमित्रा भावे यांनी ज्या भाषेत सिनेमे केले (सुमित्राताई २०२१ मध्ये गेल्या, सुनील सुकथनकरांबरोबर त्या शेवटपर्यंत काम करत होत्या), त्या भाषेत आज नियमित सिनेमे करणाऱ्या दिग्दर्शिका मोजायला मला दुसऱ्या हाताची बोटं लागत नाहीत. पैसा लावणारा म्हणतो, बायकांचा विषय चालतो. बाईच्या हातात बजेट द्यायची वेळ आली की म्हणतो, अनुभव किती?

'स्थळ' मात्र चुकवू नकोस. जयंत दिगंबर सोमलकर यांचा, २०२३ ला टोरंटो महोत्सवात दाखवला, आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये लागला. विदर्भातलं गाव, मुलगी बघायचे कार्यक्रम. सुरुवात उलटी आहे: बायका बसल्यात आणि नवरा मुलगा पोह्यांच्या ट्रेसमोर उत्तरं देतोय. लोक खदखदून हसतात. मग तोच कार्यक्रम सुलटा, तेच प्रश्न, उंची किती, शिक्षण किती, आणि तो पुन्हा पुन्हा. हसणं हळूहळू बंद होतं. हे सगळं फक्त पुनरावृत्तीवर उभं केलंय.

बाकीची यादी पटकन. शुची तलाटींचा 'गर्ल्स विल बी गर्ल्स', बोर्डिंग शाळेतली मुलगी आणि तिची आई, २०२४ ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला, प्राइमवर आहे. आधी एकटी बघ, मग आईबरोबर बघायचा की नाही ते तुझं तू ठरव. मी माझ्या मुलीबरोबर बघितला आणि दोघींनी अर्धा वेळ मोबाइलमध्ये बघितलं. संध्या सुरींचा 'संतोष', हवालदार झालेली विधवा, ब्रिटनतर्फे ऑस्करला गेला आणि आपल्या सेन्सॉरनं अडवला. अनुपर्णा रॉय यांना २०२५ च्या सप्टेंबरात व्हेनिस महोत्सवाच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, 'साँग्ज ऑफ फरगॉटन ट्रीज'साठी. तोही मुंबईत एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दोन परगावच्या मुलींचा. कुठं दाखवणार असले तर रांग लाव. जसमीत रीन यांचा 'डार्लिंग्ज' भायखळ्याच्या चाळीतला, मायलेकींचा, नेटफ्लिक्सवर. सिरीजमध्ये रीमा कागती आणि रुचिका ओबेरॉय यांची 'दहाड'. ठाण्यातल्या बायकांची 'डब्बा कार्टेल' बघायला घे, सई ताम्हणकर आहे, शबाना आझमी आहेत. डबे आहेत तोवर झकास, औषध कंपनीचं प्रकरण सुरू झालं की माझा हात फॉरवर्डकडे जायला लागतो.

तुला एडिटिंगमध्ये यायचंय म्हणून थोडं या धंद्याचं. श्रेयनामावली शेवटपर्यंत बघायची सवय लाव. हिंदीतली एडिटर म्हणून पहिलं मोठं नाव रेणू सलुजा. 'जाने भी दो यारो', 'परिंदा', 'बँडिट क्वीन' त्यांचे. २००० साली गेल्या. त्यांच्यानंतर एडिट रूममध्ये बाई दिसली की कुणी दचकत नाही. कॅमेऱ्यामागं अजून दचकतात. 'ओ वुमनिया' नावाचा एक अहवाल आहे, त्यात २०२२ चे सिनेमे-सिरीज मोजले तेव्हा दिग्दर्शन, लेखन, संकलन, छायाचित्रण आणि प्रॉडक्शन डिझाइन मिळून प्रमुखपदी बायका १२ टक्के होत्या.

आणि हे ऐकून तुला खोटं वाटेल: आपल्याच मुंबईत मेकअप करणाऱ्यांच्या संघटनेचा नियम होता की मेकअप आर्टिस्टचं कार्ड फक्त पुरुषाला, बाईला केशरचनेचं. ५०-६० वर्षं तो चालला. चारू खुराना सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, तेव्हा १० नोव्हेंबर २०१४ ला तो नियम बेकायदा ठरला. म्हणजे मी धंद्यात येऊन दहाएक वर्षं झाली होती आणि मी रोज ज्या सेटवर जात होते तिथं बाईच्या गालाला रंग लावायचा परवाना बाईला नव्हता. मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं की सगळे मेकअपदादाच का, मेकअपताई का नाही.

आउटडोअरचं एक सांगते. वाईजवळ एका निर्मात्याच्या सिनेमात आठ दिवस होते, लोकेशनवर कच्चा कट बघायला. युनिटमध्ये ७० माणसं, त्यात बायका नऊ. व्हॅनिटी, म्हणजे टॉयलेट असलेली गाडी, एकच, हिरोची. आम्ही सकाळी सहाला हॉटेल सोडलं की दुपारी जेवणापर्यंत पाणी प्यायचो नाही. पाचव्या दिवशी कॉश्च्यूमवाली मुलगी चक्कर येऊन पडली आणि प्रॉडक्शनवाला तिला म्हणाला, "मॅडम, पाणी पीत जा ना." पुढं एका दिग्दर्शिकेच्या सिनेमावर गेले, तिथं कॉल शीटवर, म्हणजे दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, जेवणाच्या वेळेच्या खाली ओळ होती: बायकांसाठी टॉयलेट कुठं आहे आणि त्याची चावी कुणाकडे. ती कॉल शीट मी जपून ठेवली आहे. तू विचारलंस ना फरक पडतो का.

शिकायचं कसं, तर कोर्स कर, पण आत्ता घरबसल्या एक कर. वरच्या यादीतला कुठलाही सिनेमा लाव, मोबाइलवर स्टॉपवॉच. ज्या फ्रेममध्ये बाई एकटी आहे, आणि तिच्याकडून कुणाला काही नकोय, तेवढेच सेकंद मोज. मग एखादी तुझी आवडती ॲक्शन फिल्म लावून मोज. आकडे वहीत लिही. सहा सिनेमे झाले की मला कळव, आपण बोलू. पुढं असिस्टंट म्हणून लागशील तेव्हा पहिलं वर्षभर आवाज-चित्र सिंक करणं, टेकची नोंद ठेवणं, बिन (फुटेजची फोल्डरं) लावणं एवढंच मिळेल. कंटाळू नकोस. टेक न बघता टेकवर बोलणारे लोक या धंद्यात भरपूर आहेत.

पार्वतीचं राहिलं. माझी आत्या लोअर परळच्या चाळीत राहायची, आतोबा गिरणीत, संपानंतर काम गेलं ते गेलंच. चाळ पुनर्विकासात गेल्यापासून ती आमच्याकडे आहे. तिच्यासाठी मी 'ऑल वी इमॅजिन' घरी लावला, सबटायटल मोठ्यानं वाचत होते. पहिला अर्धा तास ती डुलक्या घेत होती. नर्सांच्या भानगडीत तिला रस नव्हता. पार्वती वकिलाकडे जाते तिथं उठून बसली.

"हिच्याकडे पावती नाही?"

नाही म्हटलं.

"रेशन कार्ड?"

तेही नसेल, म्हटलं.

"थांबव ते."

मी थांबवलं. आत गेली, कपाटाचं दार वाजलं, आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. भाडेपावत्या, १९७४ पासूनच्या, रबर लावून. गादीवर एकेक मांडायला लागली, वर्षाप्रमाणे. आतोबांच्या नावाच्या डाव्या हाताला, स्वतःच्या नावाच्या उजव्या हाताला. उजवीकडे चारच होत्या. उरलेला सिनेमा आम्ही दुसऱ्या दिवशी बघितला.